जुन्या गाडीचा टच-अप: कोड बरोबर असूनही रंग का जुळत नाही?

दाराच्या चौकटीवरचा किंवा बॉनेटखालचा कलर कोड बघून रंग मागवायचा आणि लावल्यावर नेमका तेवढाच भाग उठून दिसायचा, हे जुनी गाडी जपणाऱ्या अनेकांच्या वाट्याला येतं. कोड खोटा नसतो. तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा रंग सांगतो. आपली गाडी मात्र त्यानंतर पंधरा-वीस वर्षं उन्हात उभी राहिलेली असते. लाल रंग तर पटकन विटतो. शिवाय एकाच कोडच्या थोड्या वेगवेगळ्या छटाही असतात. म्हणून नुसता कोड सांगू नका. पेट्रोलच्या टाकीवरचं गाडीच्या रंगाचं बाहेरचं झाकण सुटं होत असेल तर ते काढून रंग मिसळणाऱ्याकडे न्या आणि त्यावरून शेड काढून घ्या.

पण आधी ते पॉलिश करा. मळलेल्या, पांढुरक्या पडलेल्या पृष्ठभागावरून शेड जुळवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण पुढे गाडी पॉलिश केली की टच-अप वेगळा दिसू लागतो. पॉलिश करताना कापडाकडेही लक्ष ठेवा. कापडावर गाडीचा रंग उतरला, तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक, चकचकीत थर) नाही, रंग एकाच थराचा आहे. तिथे क्लिअरचा चकचकीत ठिपका टाकायची गरज नसते.

ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नका. एका पत्र्याच्या तुकड्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर असे सगळे थर द्या, वाळू द्या, मग तो गाडीला लावून दिवसाच्या उजेडात बघा: सावलीत, उन्हात, समोरून आणि तिरकं. दिव्याखाली जुळलेला रंग बाहेर आणल्यावर वेगळा वाटू शकतो.

मेटॅलिक रंगाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. त्यातले धातूचे कण कसे बसतात यावर छटा ठरते. जाड, ओला हात मारला की कण खाली बसतात आणि रंग गडद दिसतो; हलका, कोरडा फवारा मारला की उजळ. डबा नीट ढवळला नाही तरी शेड बदलते. ब्रशने मोठा भाग रंगवला तर चट्टे हमखास येतात. ब्रश फक्त खड्ड्यापुरता वापरा, तोही अगदी बारीक, आणि रंग ओरखड्याच्या बाहेर जाऊ देऊ नका.

मोठ्या भागाला मास्किंग टेपची कडक रेघ ठेवली की जोड लपत नाही. रंग कडेला विरळ करत न्या आणि क्लिअर पूर्ण पॅनलभर, थेट कडेपर्यंत द्या.

गंज खरवडून उघडा पत्रा दिसेपर्यंत काढा. गंजावर मारलेला रंग काही काळाने फुगतो. सिलिकॉनयुक्त पॉलिशचा अंश राहिला तर रंगात माशाच्या डोळ्यासारखी छिद्रं पडतात, म्हणून रंगापूर्वी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसाच. दमट हवेत फवारलेला रंग धुरकट पांढरा पडू शकतो. हार्डनर (थर कडक करणारं रसायन) घातलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून गेल्यास घातक रसायन असतं. त्यासाठी कापडी मास्क अजिबात पुरत नाही. योग्य रेस्पिरेटर आणि मोकळी हवा नसेल तर ते काम व्यावसायिक पेंटरकडे द्या.

टच-अपचा उंचवटा घासताना २००० किंवा ३००० नंबरचा पाणीपेपर घ्या, आणि रंग पूर्ण कडक होईपर्यंत थांबा. कारखान्यातला क्लिअर थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. जुन्या गाडीवर आधीच्या पॉलिशने तो आणखी झिजलेला असतो, त्यामुळे पेपर उंचवट्यावरच फिरवा, शेजारी नाही.