ब्राउझर रॅम खातोय? साफसफाईआधी या चुका टाळा

मावशीचा फोन आला की मी आधी चार्जर शोधतो, कारण तो फोन पाऊण तासाचा असतो. "अरे, लॅपटॉप परत गोगलगाय झालाय. मी सगळं साफ केलं, तरी तसाच!" सोसायटीचे हिशेब ती ऑनलाइन शीटमध्ये ठेवते. लॅपटॉप 4 जीबी रॅमचा, ब्राउझर क्रोम. साफ केलं म्हणजे नेमकं काय केलं, असं खोदून विचारलं तेव्हा कळलं: कॅशे (पाहिलेल्या पानांचा साठवलेला माल) उडवला, 'रॅम मोकळी करणारं' एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं आणि जाहिराती अडवणारं एक एक्स्टेन्शन असतानाच तसलंच आणखी एक बसवलं, "पहिल्याला मदत म्हणून".

तिन्ही उपाय उलटे. आणि हेच तीन उपाय मला दर महिन्याला कुणा ना कुणाच्या लॅपटॉपवर दिसतात.

कॅशेचं आधी उरकून टाकू. ब्राउझरचा कॅशे मुख्यतः डिस्कवर असतो. तो उडवून रॅम मोकळी होत नाही, उलट पुढच्या वेळी तीच चित्रं, त्याच स्क्रिप्ट नव्याने डाउनलोड होतात. एखादी साइट जुनंच पान दाखवत असेल किंवा वेडीवाकडी दिसत असेल तर कॅशे जरूर उडवा. पण त्यासोबत कुकीजच्या (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदींच्या) चौकोनातही टिक केलीत, तर उरलेली दुपार ओटीपी टाकण्यात जाईल.

रॅम वाचवणाऱ्या एक्स्टेन्शनची गोष्ट जरा गंभीर आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' आठवतंय? न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारं हे एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत होते, मीही त्यातलाच. 2020 मध्ये मूळ डेव्हलपरने ते दुसऱ्या कुणाला तरी विकलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून स्टोअरमधून काढलं, लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं. झोपलेल्या टॅबचे पत्ते त्या एक्स्टेन्शनच्याच पानात गुंडाळलेले होते, त्यामुळे अनेकांचे टॅबही त्याच्यासोबत गेले. आता असल्या पाहुण्याची गरजच नाही. क्रोममध्ये डिसेंबर 2022 पासून 'मेमरी सेव्हर' आतच आहे: सेटिंग्ज उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये जा, सुरू करा. जो टॅब सतत जागा हवा (मावशीची हिशेबाची शीट), त्याची साइट तिथल्याच अपवादांच्या यादीत घाला. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 'स्लीपिंग टॅब्स' आहेत. विंडोजवरचा फायरफॉक्स 93 व्या आवृत्तीपासून रॅम कमी पडली की स्वतःच जुने टॅब उतरवतो.

आता खरी चूक, जी जवळजवळ सगळे करतात: मोजायच्या आधीच कापाकापी.

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, विंडोजचा नव्हे. त्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन नावानिशी दिसतं. 'मेमरी फुटप्रिंट' (कुणी किती रॅम खाल्ली) या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड ओळ वर येते. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट', कोलन, 'प्रोसेसेस' हे इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. तसंच पान मिळेल. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये एकाच ब्राउझरच्या वीस-पंचवीस ओळी बघून "व्हायरस शिरला का?" म्हणून घाबरणारेही भेटतात. तसं काही नसतं. 2018 च्या सुरुवातीला स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली. त्यानंतर त्याच वर्षी क्रोमच्या 67 व्या आवृत्तीने डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस (टास्क मॅनेजरमधली वेगळी ओळ) दिली, म्हणजे एका टॅबमधल्या लबाड पानाला दुसऱ्या टॅबमधल्या बँकेत डोकावता येऊ नये. त्यापायी 10 ते 13 टक्के जास्त मेमरी लागते, हे गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सने 2021 मध्ये तोच मार्ग धरला. रॅम वाचवायला हे संरक्षण बंद करा असा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका.

मावशीच्या टास्क मॅनेजरमध्ये मात्र एक गंमत होती. एक्स्टेन्शनच्या ओळी सगळ्या साळसूद, कुणीच फारसं खात नव्हतं. फुगले होते ते टॅब. "बघ, साइटच वाईट आहेत," मावशी म्हणाली. इथेच माणूस फसतो. टास्क मॅनेजरमधली एक्स्टेन्शनची ओळ म्हणजे त्याचा फक्त मागे चालणारा भाग. पण व्याकरण तपासणारं, किमती ताडून बघणारं, मराठी टायपिंगची सोय देणारं एक्स्टेन्शन तुम्ही उघडलेल्या प्रत्येक पानात आपली स्क्रिप्ट घुसवतं, आणि तो खर्च टॅबच्या खात्यावर पडतो. जेवला एक, बिल दुसऱ्याच्या नावावर.

याचं गाजलेलं उदाहरण 2014 चं आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे निकोलस नेदरकोट यांनी फायरफॉक्समधलं ॲडब्लॉक प्लस हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन मोजलं. जाहिराती लपवण्यासाठीची भलीमोठी स्टाइलशीट (काय कसं दिसावं याची नियमावली) ते प्रत्येक पानालाच नव्हे, तर पानातल्या प्रत्येक आयफ्रेमलाही (पानात बसवलेल्या छोट्या पानालाही) वेगळी जोडत होतं. दर फ्रेममागे साधारण 4 एमबी. शेकडो आयफ्रेम असलेलं एक पान त्यामुळे 2 जीबीच्या घरात पोचलं. कमी करायला बसवलेलं एक्स्टेन्शनच वाढवत होतं! पुढे 2015 मध्ये फायरफॉक्स 41 ने एकच स्टाइलशीट सगळ्या फ्रेममध्ये वाटून घ्यायची सोय केली, तेव्हा ते आटोक्यात आलं. आजचे ब्लॉकर बरेच सुधारलेत आणि जाहिराती अडल्याने अनेक पानं हलकीही होतात. पण दोन ब्लॉकर एकत्र ठेवणं म्हणजे एकाच दाराला दोन वॉचमन: प्रत्येक पाहुण्याची झडती दोनदा, आणि पान अडकलं तर कुणी अडवलं ते कळत नाही.

मग गुन्हेगार पकडायचा कसा? फुगलेल्या टॅबचा पत्ता कॉपी करा आणि क्रोमच्या गेस्ट विंडोत उघडा. तिथे एकही एक्स्टेन्शन नसतं. गुप्त (इन्कॉग्निटो) विंडोतही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ती चालत नाहीत. साइटवर लॉगिन करून तीच पानं उघडा, दोन मिनिटं थांबा, आकडा बघा. मावशीच्या शीटचा आकडा तिथे निम्म्याखाली आला. "म्हणजे शीट निर्दोष?" शीट निर्दोष.

तिच्याकडे एक्स्टेन्शनं चौदा होती. एकेक बंद करून बघत बसलो असतो तर रात्र झाली असती, म्हणून निम्म्याचा नियम लावला: सात बंद, ब्राउझर पुन्हा सुरू, तोच टॅब, तोच आकडा. फरक पडला, म्हणजे चोर बंद केलेल्या सातांत. त्यातली अर्धी पुन्हा चालू. चार फेऱ्यांत नाव हाती आलं: कुपनचे कोड शोधून देणारं एक एक्स्टेन्शन. ते बसवल्यापासून तिने एकही कुपन वापरलं नव्हतं. फायरफॉक्समध्ये 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूट मोड' आहे. तो सगळी एक्स्टेन्शनं तात्पुरती बंद ठेवून ब्राउझर उघडतो, म्हणजे दोष एक्स्टेन्शनचा असू शकतो का, याचा आधी अंदाज येतो.

सापडलेलं प्रत्येक एक्स्टेन्शन काढायलाच हवं असंही नाही. क्रोममध्ये त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून साइटच्या परवानगीत 'क्लिक केल्यावरच' हा पर्याय निवडा. मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन मी मावशीकडे असंच ठेवलं. लिहायचं असेल तेव्हा क्लिक, एरवी ते बसून राहतं. पहिले दोन दिवस तिने याबद्दल तक्रार केली, ते असो.

जुन्या युक्त्यांपैकी एक अजून फिरते, म्हणून सांगतो. विंडोजवरच्या जुन्या फायरफॉक्समध्ये एक छुपं सेटिंग बदललं की विंडो खाली ठेवताच मेमरीचा आकडा धाडकन उतरायचा. लोक खूश! प्रत्यक्षात विंडोज तो सगळा पसारा रॅममधून डिस्कवर ढकलत होतं, आणि विंडो वर काढली की हार्ड डिस्क कुरकुरत तो परत आणत होती. आकडा छान, काम संथ. रॅम भरलेली दिसणं हा मुळात आजारच नाही. मशीन डिस्कवर अदलाबदल करायला लागतं तेव्हा त्रास सुरू होतो.

एवढं करूनही ब्राउझर रखडत असेल तर शेवटचा उपाय रीसेट. क्रोमचं रीसेट एक्स्टेन्शनं बंद करतं, बुकमार्क आणि पासवर्ड राहतात. फायरफॉक्सचं 'रिफ्रेश' एक्स्टेन्शनं काढूनच टाकतं, बुकमार्क आणि पासवर्ड ठेवतं आणि जुन्या प्रोफाइलचा फोल्डर डेस्कटॉपवर आणून ठेवतं. काही हरवलं वाटलं तर तिथे बघा. सगळं जागेवर आहे याची खात्री पटली की तो फोल्डर उडवून टाका, कारण त्यात तुमचे पासवर्डही असतात, आणि मावशीने तो 'जुनं' असं नाव देऊन पेन ड्राइव्हवर घेतला होता.