वर्षभर उभ्या असलेल्या डिझेल होडीची पावसाळ्यापूर्वीची तयारी

पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागली की आमच्या गावची डिझेल होडी लागते. एरवी वर्षातले दहा-अकरा महिने ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. अशा इंजिनाला चालण्यापेक्षा उभे राहणेच अधिक बाधते, म्हणून ही तयारी मे महिन्यात, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढण्यापूर्वी, नदीत पाणी अडवलेले असतानाच उरकावी. बॅटरी, पट्टे आणि दोर यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचा इंजिनातील तेलाचा नमुना मात्र इंजिन गरम करूनच घ्यावा. गेल्या वर्षी मी तो शेडमध्येच, थंड इंजिनातून घेतला. डिपस्टिकच्या (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) जागेतून बारीक नळी सोडली, हातपंपाने एकसारखे काळे तेल बाटलीत आले आणि तपासणीचा अहवालही निर्दोष आला. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी बसले होते आणि माझी नळी वरच्या थरात होती, एवढेच. जुलैमध्ये तेलाचा दाब पडू लागल्यावर उद्यमनगरातील फिटरने संप उतरवला, तेव्हा तळाशी दुधाळ, चिकट थर होता आणि बेअरिंगवर नख अडकेल असे खड्डे पडले होते. चूक तपासणाऱ्यांची नव्हती. मी पाठवले तेच त्यांनी तपासले.

गरम करणे म्हणजे न्यूट्रलमध्ये पाच मिनिटे धडधडवणे नव्हे. तेवढ्याने तेल पुरते तापत नाही आणि आतल्या ओलाव्यात भरच पडते. होडी पाण्यात उतरवून, गिअर टाकून, किमान अर्धा तास भारावर चालवावी, इंजिन बंद करावे आणि तळाचे पाणी तेलात मिसळलेले असतानाच, पाच-दहा मिनिटांच्या आत नमुना घ्यावा. नळी संपच्या मध्यावर राहील एवढीच सोडावी, पहिले थोडे तेल टाकून द्यावे आणि बाटली कोरडी असावी, कारण ओल्या बाटलीतले पाणी अहवालात इंजिनाच्या नावावर जमा होते. नवे तेल ओतायचे असल्यास ते नमुन्यानंतर. बाटलीवर तेलाचा ग्रेड, इंजिनाचे एकूण तास आणि हे तेल किती तास चालले ते लिहावे. त्याशिवाय अहवालातल्या, झिजेतून तेलात आलेल्या लोहाच्या आकड्याला अर्थ नाही. आपले पाणी गोडे असल्याने अहवालात सोडियम वाढलेले दिसले, तर बहुधा कूलंटच (इंजिन थंड ठेवणारे द्रव) तेलात झिरपत आहे.

अहवाल येईपर्यंत तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब टाकून पाहावा. तो तडतडला तर तेलात पाणी आहे. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि हा थेंबसुद्धा गरम इंजिनातलाच हवा. पुन्हा पुन्हा सांगतो आहे याची मला कल्पना आहे.

डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी सोडावे. टाकी भरलेली ठेवावी. थंडाव्याच्या पाण्याची जाळी जलपर्णीच्या मुळांनी तुंबते, ती साफ करावी. इंपेलर (त्या पाण्याच्या पंपातले रबरी पात्यांचे चाक) कडक झाला असल्यास बदलावा, पंप कोरडा फिरवू नये.

पूर ओसरल्यावर होडी जुन्या तेलासह शेडमध्ये ठेवू नये. त्यातील ओलावा आणि आम्ल वर्षभर बेअरिंग खात राहतात. तेल आणि फिल्टर तेव्हाच बदलावेत, आणि जुने तेल काढायचे तेही इंजिन गरम असतानाच.