रूट कॅनॉल : दाढ ठणकण्यापासून कॅप बसेपर्यंत

अमृततुल्यमध्ये चहाचा घोट घेतल्यावर दाढेतून कळ गेली आणि कप खाली ठेवल्यावरही ती मिनिटभर ठणकत राहिली, तर तिला नुसती सेन्सिटिव्हिटी समजू नका. रात्री आडवं झाल्यावर दुखणं वाढतं, घास चावताना दाढ दुखते, हिरडीवर पुळी येते, ही दाताच्या आतली नस सुजल्याची किंवा मेल्याची लक्षणं आहेत. ती खराब नस काढून मुळातल्या नळ्या साफ करून भरणं, म्हणजे रूट कॅनॉल.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. काही दिवस ठणकून दाढ अचानक शांत होते आणि माणूस सुटकेचा श्वास टाकून अपॉइंटमेंट रद्द करतो. बऱ्याचदा तेव्हा नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरू लागलेले असतात. म्हणून दुखणं आपोआप थांबलं, तरी दाखवायला जाच.

तोवर लवंगेच्या तेलाचा बोळा तात्पुरता चालेल. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी मात्र ठेवू नका, तिथली त्वचा भाजते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकही आणू नका. नसेची सूज त्याने उतरत नाही आणि मेलेल्या नसेपर्यंत औषध पोहोचतच नाही, कारण तिथला रक्तपुरवठा बंद झालेला असतो. गालावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड उघडायला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

साधं रूट कॅनॉल नेहमीचे दंतवैद्य करतात. मुळं वाकडी असतील किंवा आधीचं काम फसलं असेल, तर या विषयात एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) केलेल्या एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडे जावं. खर्चाचा प्रश्न असेल तर पुण्यात दंत महाविद्यालयांचा पर्याय आहे : धनकवडीचं भारती विद्यापीठ, वडगावचं सिंहगड, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो.

एक्स-रे पाहून झाला की विचारा : हा दात वाचण्यासारखा आहे का? मूळ उभं चिरलं असेल तर दात काढणंच योग्य. खर्च विचारताना कॅप (दातावर शेवटी बसवायचं टोपण) धरून विचारा, कारण पुष्कळदा तिचा हिशेब वेगळा असतो. मधुमेह, गरोदरपण, औषधांची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं सांगा. त्या गोळ्या परस्पर बंद करू नका.

कामाच्या दिवशी, दुसरी काही सूचना नसेल तर, जेवून जा. आधी जागा बधिर करतात. खालची सुजलेली दाढ कधी कधी एका इंजेक्शनने पूर्ण बधिर होत नाही, अशा वेळी सहन करत बसू नका. हात वर करा, डॉक्टर आणखी औषध देतील. मग दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा लावतात. त्याने थुंकी आत जात नाही आणि बारीक फाइल (नळी घासायची सुईसारखी कानस) घशात पडत नाही. दाताला वरून छिद्र पाडून आतली खराब नस काढतात, फाइल्सनी नळ्या रुंद करतात आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा धुतात. पुढच्या दातात सहसा एकच नळी असते, खालच्या दाढेत बहुधा तीन, वरच्या दाढेत बरेचदा चार. ती चौथी फार बारीक असते आणि राहून गेली तर जंतूही तिथेच राहतात. म्हणून डॉक्टर वेळ घेत असतील तर घेऊ द्या. शेवटी नळ्या गटापर्चाने, म्हणजे रबरासारख्या पदार्थाने भरतात.

एका बैठकीत काम झालं नाही, तर आत औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट भरतात. ठणका गेला म्हणून पुढची बैठक चुकवू नका. ते सिमेंट झिजलं की जंतू पुन्हा आत शिरतात.

नळ्या भरल्यानंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं स्वाभाविक आहे. दाढेवर कॅप मात्र लवकर बसवून घ्या. किडीने आणि छिद्राने पोखरलेली दाढ बाकरवडी चावतानाही फुटू शकते. अगदी मागच्या दाढेला दिसण्यापेक्षा मजबुती पाहा. झिर्कोनियाची (दातासारख्या रंगाच्या मजबूत सिरॅमिकची) कॅप उत्तम, आणि धातूची साधी कॅपही तिथे वर्षानुवर्षं टिकते.

सहा महिने ते वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढा. मुळाच्या टोकाशी हाडात काळी सावली होती ती लहान झाली असेल, तर हाड भरतंय. वाढली असेल तर नळ्या पुन्हा उघडून साफ करता येतात, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर मुळाचं टोक छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतं.