अनुदान अडकलं ना? मग एकेकट्याने साहेबांकडे जाणं बंद करा

बालगृह असो, दिव्यांगांची शाळा असो की वृद्धाश्रम, अनुदान थांबलं किंवा "योजनेचा फेरविचार चालू आहे" असं कानावर आलं की आपण काय करतो, गुपचूप ओळखीच्या क्लार्कला फोन लावतो. मी पण वर्षानुवर्षं तेच केलं. दुसऱ्या संस्थेला सांगायचं नाही, कारण निधी थोडका आणि आपलं बिल आधी निघावं ही आस. ऑफिसात हे बरोब्बर माहिती असतं, म्हणून तर "बाकी कोणी काही बोलत नाही, तुमचीच तक्रार असते" हे ऐकून आपण मुकाट खाली उतरतो.

तर जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या अडकलेल्या संस्थांनी आधी एकत्र भेटा. जागा अमळनेर धरा. नंदुरबार-दोंडाईचावाले सुरत-भुसावळ लाईनच्या गाडीने येतात, जळगाव-भुसावळवाले उलटीकडून, धुळ्याहून एसटी आहेच. धडगाव-अक्कलकुव्यावाल्यांना पहाटेच निघावं लागतं, म्हणून त्यांचा विषय आधी घ्या. थंडीत ठेवली तर भरीत आन कळण्याची भाकर करा भो, जेवताना माणूस खरं बोलतो. नवीन महासंघ रजिस्टर करायच्या नादी लागू नका, अध्यक्ष कोण यावरच वर्ष जातं. एक निमंत्रक, एक व्हॉट्सअॅप ग्रुप, थोडी वर्गणी, बस. फक्त ज्यांच्याकडे एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली आलेला पैसा आहे त्यांनी त्यातून वर्गणी देऊ नये, 2020 च्या दुरुस्तीपासून तो दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे घालवायचा ते काम. एक पान बनवा. एकच. संस्था, तालुका, मंजूर संख्या, आज हजर किती, शेवटचं अनुदान कोणत्या महिन्याचं आलं, फाईल कोणत्या टेबलावर. शेवटचा रकाना मी हट्टाने टाकायला लावतो, किराणाची उधारी. आमच्या दुकानदाराच्या वहीत आमचं पान भरून खातं दुसऱ्या वहीत गेलं, तूरडाळ, तेलाचा डबा, गहू, आणि वर लाल पेनने "मागील बाकी". तो फोटो मी मीटिंगमध्ये दाखवला तर तिघांनी आपापले मोबाईल काढून तसलेच फोटो दाखवले, तोवर सगळे "आमचं बरं चाललंय" म्हणत होते! आकडा मात्र फुगवू नका, एकाची हजेरी खोटी निघाली की तपासणी सगळ्यांच्या मागे लागते. ज्याला आकडे द्यायचे नाहीत त्याला या पानावर घेऊ नका, वाईट वाटलं तरी.

फाईल कुठे आहे ते कोणी सांगत नसेल तर माहिती अधिकार टाका. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर नको, माणसाच्या नावाने, कारण हा हक्क नागरिकाला आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. "अनुदान का दिलं नाही" असं विचारलं तर गोल गोल उत्तर येतं, त्यापेक्षा फाईलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपणीच्या प्रती मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

मग आमदार. जळगावचे 11, धुळ्याचे 5, नंदुरबारचे 4, म्हणजे 20. पक्ष बघू नका, विसांनाही तेच पान, त्या-त्या तालुक्यातल्या संस्थेने स्वतः नेऊन द्यायचं. आपण बहुतेक मार्चमध्ये धावतो आणि तिथेच चुकतो, 31 मार्चला न वापरलेला निधी परत जातो आणि तेव्हा कोषागारात आधीच झुंबड असते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वरच्या खर्चाची मंजुरी, येतात, त्याच्या महिनाभर आधी गाठा. सोबत शासन निर्णयाचा नंबर आणि तारीख द्या, त्यावरून आमदारांच्या पीएला तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) पटकन लिहिता येतो. जिल्हा नियोजन समितीची बैठक लागली की पालकमंत्र्यांनाही तीच प्रत.

पेपरवाल्यांना बोलवा, पण पोरांना मोर्चात उभं करू नका आणि त्यांचे चेहरे छापू देऊ नका, बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 ने ओळख उघड करायला बंदी आहे. वहीचा फोटो द्या ना, तो पुरतो.

साहेबांना भेटायला पाच जण जा, तिन्ही जिल्ह्यांचे, बोलणारा एकच. साहेब म्हणतील "तुमचं बघतो, बाकीच्यांचं नंतर", तिथे कोणी हो म्हणायचं नाही हे जिन्यातच ठरवून घ्या. निघताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या आणि ऑफिसच्या दारातूनच तिचा फोटो ग्रुपवर टाका.