बाइंडर घालून पाण्यात उतरताना

छाती सपाट दिसावी म्हणून पारलिंगी पुरुष (जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेले, पण पुरुष असलेले) आणि इतरही काही जण जो बाइंडर, म्हणजे छाती आवळून धरणारा घट्ट अंतर्कपडा, वापरतात, तो जमिनीवर कितीही अंगवळणी पडलेला असला तरी पाण्यात त्याची तऱ्हा निराळी असते. गळ्याइतक्या पाण्यात नुसते उभे राहिले तरी छातीवर पाण्याचा दाब येतो आणि श्वास आत घ्यायला थोडा अधिक जोर लागतो. त्यात बरगड्या आवळणारे कापड असले, की पोहताना लागणाऱ्या खोल श्वासालाच जागा उरत नाही. म्हणून पाण्यासाठीचा बाइंडर रोजच्यापेक्षा सैल असावा आणि छाती थोडी कमी सपाट दिसली तर ते चालवून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वापरून सैलावलेला जुना बाइंडर या कामी उत्तम. नवा घ्यायचा असेल तर एक माप मोठा घ्यावा. कापड नायलॉन-स्पॅन्डेक्सचे असावे, कारण सुती अस्तर पाणी पिऊन जड होते आणि सुती कपडे घालून उतरायला बहुतेक तलावांवर मनाईच असते. वरून गडद किंवा नक्षीदार, लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पोहताना घालायचा टॉप, घालावा. पातळ, फिकट कापड ओले झाले की अंगाला चिकटून सगळा आकार दाखवते. ऊन लागू नये म्हणून हल्ली पुष्कळ पुरुषही असा टॉप घालतात, त्यामुळे कोणी वळून पाहत नाही. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी छातीभोवती गुंडाळण्याचा मार्ग मात्र कधीही पत्करू नये. श्वासागणिक ती आवळत जाते आणि बरगड्यांना इजा होऊ शकते.

तलावावर जाण्याआधी घरच्या न्हाणीघरात एकदा रंगीत तालीम करावी. बाइंडर घालून एका दमात मोठ्याने आकडे म्हणावेत. बाइंडरशिवाय जिथपर्यंत मजल जाते, त्याच्या बऱ्याच अलीकडे दम संपला तर तो बाइंडर पाण्यासाठी घट्ट आहे. मग अंगावर दोन बादल्या पाणी ओतून तो काढून पाहावा. खरी फजिती इथे होते: ओले कापड काखेशी दोरासारखे गुंडाळले जाते, हात डोक्यावर अडकतात, तोंडावर कापड येते आणि जीव घाबरा होतो. अशा वेळी ओढाताण न करता हात खाली घ्यावेत, खांद्यावरचे पट्टे एकेक करून उतरवावेत आणि बाइंडर कमरेवरून खाली सरकवून पायांतून काढावा. तसा तो निघत नसेल, तर पुढे चेन असलेला पोहण्याचा टॉप घेतलेला बरा.

पाण्यात उतरल्यावर पोहणे आणि डुंबणे यांत फरक करावा. उथळ भागात डुंबायला, सावकाश हात मारायला हरकत नाही. वेगाने फेऱ्या मारायच्या असतील, बुडी मारायची असेल किंवा फुलपाखरू पद्धतीने पोहायचे असेल तर बाइंडर नकोच, साधी स्पोर्ट्स ब्रा आणि रॅश गार्ड पुरे. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात बाहेर यावे. दम लागला, छातीत किंवा पाठीत दुखले, बोटांना मुंग्या आल्या किंवा चक्कर आली, तर ताबडतोब काठावर येऊन बाइंडर काढावा. काढूनही त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जावे. दमा असलेल्यांनी डॉक्टरांना आधीच विचारावे. सोबत विश्वासाचे माणूस असावे, आणि वेळ आली तर हे कापड सरळ कात्रीने कापायचे आहे, हे त्याला सांगून ठेवावे. समुद्रात लाटा आणि ओढ यांच्यापुढे दम अधिक लागतो, म्हणून तिथे कमरेइतक्या पाण्यापलीकडे जाऊ नये. पावसाळ्यात तर कोकणातल्या समुद्रात उतरूच नये.

बाहेर आल्यावर ओला बाइंडर अंगावर वाळू देऊ नये. काखेत आणि छातीखालच्या घडीत ओल राहिली की त्वचा सोलवटते, दमट हवेत नायटाही होतो. क्लोरीनमुळे स्पॅन्डेक्सचा ताण जातो, तेव्हा बाइंडर लगेच साध्या पाण्यात खळबळून, न पिळता सावलीत वाळत घालावा. घरी परतताना दुसरा बाइंडर चढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी पिशवीत जाड कापडाचा सैल शर्ट ठेवावा आणि उरलेला दिवस बरगड्यांना मोकळे सोडावे.