फ्री लाइम रोबो लॅबवर मोजताय? या चुका टाळा

सिमेंट प्लँटमध्ये रोबो लॅब (सॅम्पल आपोआप दळून तपासणारी लॅब) आली की पोरांना वाटतं, आता केमिस्टचं काम आकडा सीसीआरला, म्हणजे कंट्रोल रूमला, पाठवण्यापुरतंच. क्लिंकरचा (भट्टीतून निघणारे गोळे, जे दळून सिमेंट होतं) फ्री लाइम, म्हणजे त्यात उरलेला मोकळा चुना, साधारण १ ते १.५ टक्क्यांत ठेवायचा हे सगळ्यांना पाठ असतं, पण समोरचा आकडा खरा आहे का, हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे एक्सआरडी (क्ष-किरणांनी मोजणं) आणि टायट्रेशन (ग्लायकॉलमध्ये विरघळवून रसायनाने मोजणं) जुळलं नाही की लगेच कॅलिब्रेशनला हात घालणं. आधी समजून घ्या. गरम ग्लायकॉल मोकळा चुनाही विरघळवतं आणि त्याचं ओलाव्याने झालेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइडही. टायट्रेशनमध्ये दोन्हींची बेरीज येते. एक्सआरडी ३७.४ अंशांच्या कोनाआसपासचा फक्त कॅल्शियम ऑक्साइडचा, म्हणजे मोकळ्या चुन्याचा, पीक (आलेखावरचा उंचवटा) मोजतो. हायड्रॉक्साइडचा पीक १८ अंशांवर वेगळा दिसतो, पण तिकडे बघायला वेळ कुणाला?

चंद्रपूरकडच्या एका प्लँटमधली गोष्ट. ऐन जुलै, बाहेर संततधार. एका नव्या केमिस्टने संध्याकाळी दळलेलं सॅम्पल उघड्या वाटीत ठेवलं आणि रात्री दोन्हीकडे तपासलं. एक्सआरडी १.२, टायट्रेशन २.१. पठ्ठ्याने ठरवलं की मशीन कमी दाखवतं, आणि ०.९ चा ऑफसेट (प्रत्येक आकड्यात तेवढी भर) टाकून मोकळा झाला! त्यानंतर ताजं सॅम्पलही जास्त दिसायला लागलं. भाजणं कमी पडतंय समजून बर्नरने (भट्टी चालवणाऱ्याने) कोळसा वाढवला. क्लिंकर जळून दगड झाला, सिमेंट मिलचं टनेज पडलं, आणि सगळे मिलवाल्यांना धारेवर धरत बसले. शेवटी एका जुन्या माणसाने विचारलं, फ्री लाइम एवढा जास्त, मग लिटर वेट (एक लिटर क्लिंकरचं वजन, जास्त भाजलं की वाढतं) का चढतंय? १८ अंशांवरचा पीक बघितला आणि सगळा उलगडा झाला.

म्हणून माझी सवय सांगतो. क्रॉस-चेकचं सॅम्पल दळल्या दळल्या झाकणाच्या बाटलीत, बाटली डेसिकेटरमध्ये (आत हवा कोरडी ठेवणारं भांडं), आणि दोन्ही टेस्ट लागोपाठ. लिटर वेट शेजारी लिहिल्याशिवाय मी ऑफसेटचं नावही काढू देत नाही. एका सॅम्पलवर तर मुळीच नाही.

कंडक्टिव्हिटीवर (द्रावणातून वीज किती वाहते त्यावर) चालणारा ॲनालायझर असेल तर ग्लायकॉलचा कॅन उघडा टाकू नका. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी असलं की सिलिकेटमधूनही चुना सुटतो, रीडिंग फुगतं. नवा कॅन लावला की ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घालता रीडिंग, घ्या. तापमान स्थिरावायच्या आत स्टार्ट दाबणाऱ्यांना मला काही सांगायचं नाही, त्यांना घरी जायची घाई असते.

लॅबमधल्या सॅम्पल दळायच्या मिलमध्ये आधीच्या सॅम्पलची भुकटी उरतेच. नव्या सॅम्पलचा थोडा भाग आधी फिरवून फेकून द्या. 'वेळ वाचवायला' कुणी ही स्टेप प्रोग्राममधून काढली असेल तर ती परत टाका, सायकल लांबली तरी चालेल.

ग्राइंडिंग टाइम प्रत्येकाने आपापल्या मर्जीने बदलू नये. जाड राहिलं तर चुना दाण्यात अडकतो, फार दळलं तर पीक पसरतात.

आणि सॅम्पलर. कूलरनंतर नुसती धूळ ओढणारा सॅम्पलर असेल तर पुढची सगळी लॅब त्या धुळीचंच विश्लेषण करते. शिफ्टमध्ये एकदा जिना चढून जा आणि नळीत गोळे येतात की भुकटी, ते डोळ्यांनी बघा.