कोल्हापूरच्या कडक उन्हाळ्यात घर आणि शरीर थंड कसे ठेवावे

पारा चाळिशीच्या आत आहे तोवर कोल्हापुरात उन्हाची फारशी धास्ती घेतली जात नाही. हवामान खात्याच्या निकषानुसारही सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी अधिक असले, किंवा ते थेट ४५ अंशांवर गेले, तरच उष्णतेची लाट मानली जाते. परंतु मे महिन्यात वळवाचे ढग दाटून येतात आणि हवा कोंदट होते, तेव्हा ३७-३८ अंशांतही जीव कासावीस होतो. घाम वाळताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच बाष्प असेल तर तो नुसताच निथळतो आणि शरीर थंड होत नाही. म्हणून आपल्याकडे तापमानाच्या आकड्याइतकेच घाम वाळतो आहे की नाही याकडेही लक्ष द्यावे.

सर्वाधिक काळजी घराची घ्यावी, कारण लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे दुपार घरातच काढतात. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरील घरे दिवे लागल्यानंतरही तापलेली असतात. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा किंवा ऊन परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात दिल्यास चांगला फरक पडतो, आणि पाणी टंचाईचे असताना रोज गच्ची भिजवण्यापेक्षा हा उपाय मला अधिक योग्य वाटतो. पत्र्याच्या घरात पत्र्याखाली थोडी मोकळी जागा सोडून छत बांधावे. पत्र्यावर उसाचा पाला पसरण्याची पद्धत उपयोगी असली, तरी वाळलेला पाला लगेच पेट घेतो. चूल किंवा विजेची उघडी तार जवळ असल्यास तो मुळीच वापरू नये.

पश्चिमेकडच्या खिडक्यांना दुपारी बाहेरून तरट किंवा वाळ्याचा पडदा लावावा; ऊन काचेतून आत आल्यावर लावलेल्या पडद्याचा उपयोग त्यामानाने कमी होतो. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गरम असेल तोवर खिडक्या बंद ठेवाव्यात आणि सायंकाळी पश्चिमेचा वारा सुटला की समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर मोकळे करावे. कूलर मात्र उघड्या खिडकीजवळच ठेवावा आणि ओलसर हवा बाहेर जायला वाट द्यावी, नाहीतर खोलीतील दमटपणाच वाढतो. बाहेरचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर केवळ पंख्यावर विसंबू नये, कारण तो गरम हवाच अंगावर फेकतो. त्याऐवजी अंग ओल्या कापडाने पुसत राहावे.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये भट्टीजवळ काम करणाऱ्यांना ऊन बाहेरचे आणि धग आतली, असा दुहेरी त्रास असतो. नव्या कामगाराला, तसेच दीर्घ रजेवरून परतलेल्याला, पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी देऊ नये. शरीर उष्णतेला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. अशा कामात तहान लागण्याची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठी पेलणाऱ्यांनाही हेच लागू आहे: काठीखालची माणसे लवकर लवकर बदलावीत आणि उतरलेल्या माणसाला लगेच सावलीत बसवावे. भक्तीच्या भरात थकवा लक्षात येत नाही, म्हणून ही जबाबदारी सोबत्यांनी घ्यावी.

पेयांमध्ये ताक, नाचणीची आंबील, कैरीचे पन्हे आणि कोकम सरबत आपल्या घरात असतातच. जुलाब, उलट्या किंवा खूप घाम झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे द्यावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ वाढवू नये. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असल्यास पाणी आणि मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांना उन्हाळ्याच्या आधीच विचारून ठेवावे. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडल्याची साधी खूण आहे.

डोके दुखणे, मळमळणे, पायात गोळे येणे ही लक्षणे दिसताच काम थांबवून सावलीत यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. त्या वेळी कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये आणि तापाची गोळीही देऊ नये, कारण हा ताप त्या गोळीने उतरत नाही. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत जादा कपडे काढून संपूर्ण अंगावर गार पाणी ओतत राहावे, जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. रुग्णवाहिका आल्यानंतरही, रुग्णालयात पोहोचेपर्यंत अंग ओले ठेवून वारा घालणे चालूच ठेवावे.